खासगी रॉकेटचं पहिलं गिऱ्हाईक कोण?

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

शुभांशू शुक्ला २५ जून २०२५ ला फ्लोरिडातून निघाले ते स्पेसएक्सच्या फाल्कन-९ रॉकेटवर, स्पेसएक्सच्याच ड्रॅगन कुपीत बसून. मोहीम आखली ॲक्सिअम स्पेस या ह्यूस्टनच्या कंपनीने. मुक्काम आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात, जे अमेरिका, रशिया, युरोप, जपान आणि कॅनडा यांच्या सरकारी संस्था मिळून चालवतात. आणि भाडं भरलं भारत सरकारने, साधारण ५५० कोटी रुपये. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये सोव्हिएत सोयूझ यानातून सॅल्यूट-७ या सोव्हिएत अवकाश स्थानकावर गेले तेव्हा सगळा मामला दिल्ली आणि मॉस्कोमधला होता. आता मधे दोन कंपन्या आहेत.

त्यामुळे अवकाशप्रवासात खासगी कंपन्या असाव्यात की नसाव्यात, या वादात मला फारसा रस उरलेला नाही. त्या आलेल्या आहेत. मला बोलायचंय ते या कंपन्या उभ्या कशा राहिल्या आणि आपल्याकडे तशा उभ्या राहायला काय कमी पडतंय यावर.

अपोलोच्या काळात सगळं सरकारने बनवलं असं बरेचजण धरून चालतात. चंद्रावर उतरलेलं यान ग्रमन कंपनीने बांधलं होतं आणि सॅटर्न-५ रॉकेटचा पहिला टप्पा बोइंगने. तेव्हाही कंपन्या होत्याच, करार वेगळे होते. झालेला खर्च नासा भरायची आणि वर ठरलेला नफा द्यायची. खर्च वाढला, वेळ लागला, तरी कंपनीला झळ बसत नसे. यानाची मालकी नासाची.

२००६ पासून नासाने स्थानकाला सामान पोचवण्यासाठी नवी रीत आणली. रक्कम आधी ठरणार. कामाचा एकेक टप्पा पार पडला की त्याचा हप्ता मिळणार. वरचा खर्च कंपनीने सोसायचा, पण यान कंपनीच्या मालकीचं राहील आणि ते इतरांनाही भाड्याने देता येईल.

स्पेसएक्सचं पहिलं रॉकेट फाल्कन-१. २००६, २००७ आणि ऑगस्ट २००८ अशी तिन्ही उड्डाणं फसली. २८ सप्टेंबर २००८ ला चौथं कक्षेत गेलं, तोवर कंपनीचे पैसे संपत आले होते. त्याच डिसेंबरात नासाने स्थानकाला सामान नेण्याच्या १२ फेऱ्यांचं १६० कोटी डॉलरचं कंत्राट दिलं. फाल्कन-९ तेव्हा एकदाही उडालेलं नव्हतं, ड्रॅगन बांधून व्हायची होती. ड्रॅगन स्थानकाला पोचली मे २०१२ मध्ये. म्हणजे ज्या कंपनीकडे आपण आज खासगी धाडसाचं उदाहरण म्हणून बघतो, ती तगली सरकारच्या आगाऊ ऑर्डरवर. मस्क यांची जिद्द मी नाकारत नाही. पण हे गिऱ्हाईक नसतं तर ती जिद्द २००९ मध्येच संपली असती असं माझं मत आहे.

आता आपल्याकडे. जून २०२० मध्ये सरकारने हे क्षेत्र उघडलं आणि परवानग्यांसाठी अहमदाबादला इन-स्पेस ही संस्था स्थापन केली. २०२३ मध्ये भारतीय अवकाश धोरण आलं. २०२४ मध्ये परकी गुंतवणुकीचे नियम सैल झाले. हैदराबादच्या स्कायरूटने १८ नोव्हेंबर २०२२ ला विक्रम-एस रॉकेट उडवलं, ते साधारण ८९ किलोमीटर उंचीवर गेलं. चेन्नईच्या अग्निकुलने ३० मे २०२४ ला श्रीहरिकोट्यातल्या स्वतःच्या तळावरून अग्निबाण रॉकेटची चाचणी घेतली, तीही एकसंध त्रिमिती छपाई केलेलं इंजिन वापरून. पोरं हुशार आहेत आणि इस्रोने त्यांना तळ, चाचणीच्या सोयी, सल्ला, सगळं दिलं.

पण २००८ च्या डिसेंबरसारखं एक पाकीट आपल्या सरकारने अजून कुणा रॉकेटवाल्याच्या हातात ठेवलेलं नाही. पुढच्या पाच वर्षांत इतकी उड्डाणं आम्ही तुमच्याकडून घेऊ, हे घ्या लेखी, असं कुणी म्हटलेलं नाही. परवानगी मिळाली, ऑर्डर मिळाली नाही. माझा सगळा जीव या एका मुद्द्यात अडकलाय. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबनीस

धागा आवडला, पण नुसत्या ऑर्डरने भागेल का याची शंका आहे. छोट्या रॉकेटचा बाजार बघा. जानेवारी २०२१ पासून स्पेसएक्स एकाच फाल्कन-९ वर शंभरेक छोटे उपग्रह एकत्र नेते. सुरुवातीचा दर २०० किलोला १० लाख डॉलर होता, म्हणजे किलोला ५,००० डॉलर. छोटं रॉकेट स्वतंत्रपणे उडवून हा दर गाठणं जवळपास अशक्य आहे. छोट्या रॉकेटची बाजू एवढीच की उपग्रह तुम्हाला हव्या त्या कक्षेत आणि हव्या त्या दिवशी सोडता येतो.

छोटी रॉकेटं उडवणाऱ्या व्हर्जिन ऑर्बिटचं काय झालं ते आठवा. जानेवारी २०२३ मध्ये कॉर्नवॉलहून केलेलं उड्डाण फसलं आणि एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यांच्याकडे तंत्र होतं, आधीची यशस्वी उड्डाणं होती, मोठं नाव होतं. पुरेशी गिऱ्हाइकं नव्हती.

आपल्याकडे तर सरकारचं स्वतःचं छोटं रॉकेट आहे, एसएसएलव्ही. जून २०२५ मध्ये त्याचं तंत्रज्ञान हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) ५११ कोटींची बोली लावून मिळवलं. म्हणजे स्कायरूट, अग्निकुल आणि सरकारी कंपनी एचएएल, तिघंही साधारण एकाच मापाचा माल घेऊन एकाच बाजारात. यातल्या कुणाला आणि कशाच्या जोरावर ऑर्डर द्यायची?

लेथवाला

मी भोसरीत मशीनशॉप चालवतो. रॉकेटचे सुटे भाग थेट नाही, पण ज्यांच्याकडे तशी कामं येतात त्यांच्याकडून आमच्याकडे येतात. त्यामुळे मला ऑर्डरच्या प्रश्नावर बोलायचंय.

महाराष्ट्राला हे क्षेत्र नवीन नाही हे आधी सांगतो. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचं कवच २.८ मीटर व्यासाचं असतं, मॅरेजिंग नावाच्या अतिशय मजबूत पोलादाचं. ते इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनत आलंय. साखर कारखान्याची यंत्रं बनवणाऱ्या त्या गावाने १९७० च्या दशकापासून इस्रोची कामं केली. विक्रोळीला गोदरेजमध्ये इस्रोच्या रॉकेटचं विकास इंजिन तयार होतं. पवईला लार्सन अँड टुब्रो. स्कायरूटचं कलाम-१०० हे घन इंधनाचं मोटर मे २०२२ मध्ये नागपूरला सोलर इंडस्ट्रीजच्या जागेत पेटवून तपासलं गेलं.

आता आमच्या पातळीवर काय होतं ते. नग कमी असतात. एखाद्या भागाचे आज चार नग येतात, पुढची ऑर्डर कधी येईल सांगता येत नाही. मॅरेजिंग पोलाद किंवा टायटॅनियम कापायचं तर टूल वेगळं, वेग वेगळा, गार ठेवण्याचं तंत्र वेगळं. एक नग बिघडला तर सगळा नफा गेला, कारण मालच तेवढा महाग. प्रत्येक नगाबरोबर तपासणीचे कागद जातात, कुठल्या पाट्यातून कापला, कुणी मोजला, कुठल्या मशीनवर. हे शिकलेला ऑपरेटर तयार व्हायला वर्षं लागतात. काम थांबलं की तो गाड्यांच्या भागांकडे जातो आणि परत येत नाही. एका मोठ्या कंत्राटदाराने आमचे पैसे इतके अडकवले की पाच अक्षांचं मशीन घ्यायचा बेत आम्हाला गुंडाळावा लागला.

पुढच्या तीन वर्षांचा आकडा आज कळला तर बँक कर्ज देते. तो आकडा लहान असला तरी चालेल. धागाकर्ते म्हणताहेत ती आगाऊ ऑर्डर फक्त हैदराबाद-चेन्नईच्या कंपन्यांसाठी नाही, ती भोसरीपर्यंत झिरपते.

टेक्सासकर

मी ह्यूस्टनला असतो, मूळचा सांगलीचा. नासाबद्दल इथे दोन गोष्टी घालाव्याशा वाटतात.

स्पेस शटल जुलै २०११ मध्ये निवृत्त झालं आणि त्यानंतर नऊ वर्षं अमेरिकेला स्वतःची माणसं वर पाठवायला रशियाकडून सोयूझमधली जागा विकत घ्यावी लागली. शेवटी शेवटी एका जागेला नऊ कोटी डॉलरच्या आसपास मोजावे लागले. त्यातून सुटण्यासाठी २०१४ मध्ये नासाने दोन कंपन्यांना कंत्राटं दिली, बोइंगला ४२० कोटी डॉलरचं आणि स्पेसएक्सला २६० कोटींचं. तेव्हा इथे सगळ्यांना वाटत होतं की बोइंग आधी पोचेल. ३० मे २०२० ला स्पेसएक्स माणसं घेऊन गेली.

बोइंगचं स्टारलायनर जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना घेऊन गेलं. आठवडाभराची मोहीम होती. वाटेत थ्रस्टर बिघडले, हेलियम गळत होता. नासाने यान रिकामं परत बोलावलं आणि ते दोघं १८ मार्च २०२५ ला ड्रॅगनमधून उतरले. नऊ महिने ते तिथे राहू शकले आणि सुखरूप परतले, कारण दुसरी कंपनी तयार होती. २०१४ मध्ये एकालाच कंत्राट द्या असा संसदेतून बराच दबाव होता, तो नासाने मानला नाही.

याची उलटी बाजूही इथे जवळून पाहिली. ५ जून २०२५ ला मस्क आणि ट्रम्प यांचं जाहीर भांडण झालं आणि मस्क यांनी समाजमाध्यमावर लिहिलं की ड्रॅगन आता बंद करायला घेतो. काही तासांत त्यांनी ते मागे घेतलं. पण त्या काही तासांत अमेरिकेकडे माणूस वर नेणारं दुसरं चालू यान नव्हतं. शुक्लांचं उड्डाण त्या वेळी तोंडावर आलेलं होतं. गावाला एकच एसटी असावी आणि ती कुणा एकाच्या मर्जीवर यावी किंवा न यावी, तशी ही गत. भारताने ऑर्डर जरूर द्यावी, पण कमीत कमी दोघांना द्यावी. हिशेबनीस विचारतात कुणाला द्यायची, त्याला माझं उत्तर हेच.

मुक्ता_प

शुक्लांच्या उड्डाणाची एक गोष्ट इथे यायला हवी. ते ११ जूनला जायचे होते. त्याआधी रॉकेटच्या चाचणीत द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली. इस्रोचं पथक तेव्हा फ्लोरिडात होतं. गळती पूर्ण दुरुस्त करून पुन्हा तपासल्याशिवाय उडायचं नाही असा आग्रह आपण धरला, असं इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पैसे भरणाऱ्याला रॉकेट कळत होतं, म्हणून तो थांबा म्हणू शकला. द्रवरूप ऑक्सिजनची इंजिनं इस्रोने स्वतः बांधली आहेत, पेटवली आहेत, बिघडवलीही आहेत. नुसता पैसेवाला देश असता तर कंपनी म्हणेल ते मान्य करण्यावाचून त्याच्याकडे काय होतं?

चॅलेंजर शटलच्या अपघाताची आठवण या संदर्भात काढावीशी वाटते. २८ जानेवारी १९८६ च्या आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचेच अभियंते सांगत होते की एवढ्या थंडीत रबरी कड्या दगा देतील, उडवू नका. कंपनीच्या वरिष्ठांनी त्यांचं म्हणणं बाजूला सारलं आणि नासाला तेच हवं होतं. सात जण गेले. तिथे कंपनी आणि सरकार दोघंही होते आणि दोघंही चुकले. म्हणून खासगी चांगलं की सरकारी चांगलं या भाषेत मला बोलता येत नाही. थांबा म्हणणाऱ्या माणसाच्या हातात थांबवण्याचा अधिकार आहे का, एवढंच मी बघते.

ध्रुवमत्स्य

मुक्ता, तुम्ही माझा मुद्दा माझ्यापेक्षा नेमका केलात. गिऱ्हाईक हवं आणि ते जाणकार हवं. म्हणून इस्रोने रॉकेट बांधणं सोडून फक्त खरेदी करावी, असं जे काहीजण सुचवतात ते मला पटत नाही. जी संस्था स्वतः काही बांधत नाही तिची पारख वीस वर्षांत बोथट होते.

लेथवाला, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. हे कुठल्या अहवालात लिहिलेलं सापडत नाही.

वैनगंगेकाठचा

मी चंद्रपूर जिल्ह्यातला. तुमच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली, ती म्हणजे वर गेलेलं खाली कुणाच्या अंगणात येतं.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी आभाळातून जळत्या ठिणग्यांची रांग गेली. विदर्भातच नाही, राज्यात बऱ्याच ठिकाणी लोकांनी पाहिली. कुणी म्हणे उल्का, कुणी म्हणे विमान पडलं. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलं. आसपासच्या गावांत धातूचे गोळे सापडले, इंधनावर दाब देण्यासाठी रॉकेटमध्ये असतात तसले. तज्ज्ञांच्या मते ते चीनच्या लाँग मार्च-३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे तुकडे, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या. इस्रोची माणसं येऊन पाहणी करून गेली. कुणाला इजा झाली नाही, कारण ते घरांवर न पडता मोकळ्या जागेत पडलं. दुसरं कारण नाही.

ते सरकारी रॉकेट होतं. उद्या रोज कुणा ना कुणा कंपनीचं उडणार. आमच्या गावात पडलं तर तक्रार कुठे करायची? हैदराबादला, चेन्नईला, की टेक्सासला?

कलम_सहा

मी वकील आहे, हा विषय माझ्या आवडीचा. वैनगंगेकाठच्यांच्या प्रश्नाला उत्तर आहे, पण अर्धंच.

१९६७ च्या बाह्य अवकाश कराराचं सहावं कलम सांगतं की एखाद्या देशातल्या बिगर-सरकारी संस्थेने अवकाशात काहीही केलं तरी जबाबदारी त्या देशाची. देशाने आधी परवानगी द्यायची आणि नंतर सतत देखरेख ठेवायची. १९७२ चा नुकसानभरपाईचा करार आणखी कडक आहे. जमिनीवर नुकसान झालं तर उडवणाऱ्या देशाने भरपाई द्यायची, चूक सिद्ध करायची गरज नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस-९५४ उपग्रह कॅनडात कोसळला तेव्हा याच कराराच्या आधारे दावा झाला आणि शेवटी ३० लाख कॅनेडियन डॉलर मिळाले. लक्षात घ्या, दावा सरकार सरकारवर करतं. लाडबोरीचा शेतकरी बीजिंगवर करू शकत नाही, त्याच्यासाठी दिल्लीने करायचा असतो.

आता उलटं बघा. स्कायरूट किंवा अग्निकुलचं रॉकेट उद्या इंडोनेशियात पडलं तर भरपाई भारत सरकार देणार. ती रक्कम सरकारने कंपनीकडून किती वसूल करायची, कंपनीने विमा कितीचा काढायचा, याला संसदेने केलेला कायदा हवा. २०१७ मध्ये अवकाश उपक्रम विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी जाहीर झाला होता, त्याचा कायदा झाला नाही. आज आपण धोरण आणि इन-स्पेसच्या नियमावलीवर चालवतोय. अमेरिकेत १९८८ पासून स्पष्ट वाटणी आहे: ठरावीक रकमेपर्यंत कंपनीचा विमा, त्यावरचं एका मर्यादेपर्यंत सरकार. ही मर्यादा आधी माहीत असेल तर विमा कंपनी दर सांगू शकते आणि गुंतवणूकदार पैसे घालतो. धागाकर्त्यांना ऑर्डर हवी आहे, मला त्याआधी हा कायदा हवा.

प्रवाशांबद्दलही सांगतो. अमेरिकेत खासगी यानातून जाणाऱ्या माणसाच्या सुरक्षेचे नियम करायला तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाला २००४ पासून कायद्याने मनाई आहे. उद्योग लहान आहे, त्याला शिकू द्या, असं कारण. मुदत वाढत वाढत आता १ जानेवारी २०२८ पर्यंत गेली आहे. प्रवासी धोक्याची माहिती वाचून सही करतो आणि जातो. ३१ ऑक्टोबर २०१४ ला व्हर्जिन गॅलॅक्टिकचं स्पेसशिपटू हे प्रवासी यान चाचणीत हवेत तुटलं. सहवैमानिकाने शेपटाचं कुलूप वेळेआधी उघडलं, त्यात त्याचा जीव गेला. चौकशीत निघालं की एका माणसाच्या एका चुकीने यान तुटू शकतं ही शक्यता ते बांधणाऱ्या स्केल्ड कंपोझिट्सने धरलीच नव्हती. तो चाचणी वैमानिक होता, त्याला धोका ठाऊक होता. तिकीट काढलेल्या माणसाला सहीच्या कागदावरून हे कसं कळावं?

दुर्बीण

मी नारायणगावजवळची. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आमच्या शेजारची, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. दर वर्षी विज्ञान दिनाला तिथे जत्रेसारखी गर्दी होते, शाळांच्या बस लागतात.

ही दुर्बीण विश्वाच्या पार टोकाकडचे अतिशय क्षीण रेडिओ संदेश ऐकते. त्यासाठी शांतता लागते, म्हणून आजूबाजूच्या रेडिओ गोंधळावर लक्ष ठेवावं लागतं. जमिनीवरचा गोंधळ बोलून, विनंती करून कमी करता येतो. वरून येणाऱ्याचं काय? युरोपातल्या लोफार दुर्बिणीने २०२३ मध्ये दाखवलं की स्पेसएक्सच्या स्टारलिंक या इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांतून, त्यांनी वापरायच्या ठरलेल्या लहरींच्या बाहेरही, नको असलेलं प्रारण गळतं. दुसऱ्या पिढीच्या उपग्रहांत ते आणखी तीव्र आढळलं. हजारो उपग्रह डोक्यावरून फिरताहेत आणि ते एका कंपनीचे आहेत. उद्या तिच्यासारख्या आणखी येतील. आकाश सगळ्यांचं असेल तर ते वापरायची परवानगी देताना खोडदला कुणी विचारतं का?

सातपुडा

दुर्बीण ताई, तुमची कळकळ समजते. मी नंदुरबार जिल्ह्यात धडगाव भागात शिक्षक आहे. ऑनलाइन हजेरी भरायला टेकडीवर जाणारे शिक्षक आमच्याकडे आहेत. बाळंतिणीसाठी गाडी बोलवायला फोन करावा तर तो लागत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिमची नावं आहेत. तार टाकून आमच्यापर्यंत कुणी आलं नाही. उपग्रहाने येत असेल तर मला तो हवा आहे, आणि लवकर हवा आहे.

फक्त दर काय असेल आणि तो कोण भरेल, हे सरकारने आत्ता लिहून घ्यावं. सुरुवातीला स्वस्त, सवय लागली की महाग, असं झालं तर पहिली बंद होईल ती आमची शाळा.

दुर्बीण

सातपुडा सर, तुमच्या मुलांना जोडणी मिळू नये असं मी कधीच म्हणणार नाही. माझी मागणी एवढीच की परवानगीच्या अटींत गळतीची मर्यादा असावी आणि मोठ्या रेडिओ दुर्बिणीवरून जाताना उपग्रहाने आपल्या रेडिओ लहरी वळवण्याची किंवा थांबवण्याची सक्ती असावी. तंत्र आहे. अमेरिकेत काही वेधशाळांच्या बाबतीत स्पेसएक्सने असं सहकार्य केलेलंही आहे. तिथे होतं तर खोडदसाठी का होऊ नये?

निवृत्त_कर्मचारी

मी सरकारी नोकरीत हयात घालवली (इस्रोत नाही). मला या सगळ्यात एक भीती वाटते. साठ वर्षं लोकांच्या पैशातून जे ज्ञान जमा झालं, ते कंपन्यांना देऊन नफा मात्र खासगी होणार. आणि नफा नसेल तिथे कुणीही जाणार नाही. आदित्य-एल१ सूर्याचा अभ्यास करतंय, त्यातून कुणाला काय मिळकत? चांद्रयान-३ साधारण ६१५ कोटींत दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं. नासाने चंद्रावर उपकरणं पोचवायचं काम कंपन्यांना दिलं, त्यांची गत काय? पेरेग्रिन जानेवारी २०२४ मध्ये चंद्राला पोचलंच नाही. फेब्रुवारीत ओडिसियस उतरलं आणि कलंडलं. मार्च २०२५ मध्ये ब्लू घोस्ट नीट उतरलं, त्याच आठवड्यात ओडिसियसच्याच कंपनीचं अथीना पुन्हा आडवं. चारांत एक.

ध्रुवमत्स्य

काका, तुमची भीती खोटी नाही. इस्रोची व्यापारी कंपनी अँट्रिक्स आणि खासगी कंपनी देवास यांचं प्रकरण आपण विसरू नये. २००५ चा करार, २०११ मध्ये रद्द, मग वर्षानुवर्षं आंतरराष्ट्रीय लवाद, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फसवणुकीच्या कारणावरून देवास कंपनी गुंडाळण्याचा निर्णय कायम केला. बंद दाराआड दिलेल्या कंत्राटाचं काय होतं ते तिथे दिसलं. म्हणून ऑर्डर खुल्या बोलीनेच द्यावी आणि अटी सगळ्यांना वाचता याव्यात.

पण चारांत एक या हिशेबाबद्दल माझं मत वेगळं आहे. चांद्रयान-२ चा विक्रम लँडरही २०१९ मध्ये चंद्रावर आदळला होता आणि त्या अपयशातून चांद्रयान-३ घडलं. इस्रोला दुसरी संधी मिळाली कारण तिच्यामागे सरकार होतं. अथीनाची कंपनी दोनदा कलंडूनही टिकून आहे, कारण तिच्याकडेही नासाची पुढची कंत्राटं आहेत. आपल्या पोरांचं पहिलं उड्डाण फसलं तर दुसऱ्याचे पैसे कोण देईल?

आणि आदित्य-एल१ सारखी कामं इस्रोनेच करावीत, अगदी मान्य. त्यासाठीच पीएसएलव्ही बांधण्याचं रोजचं काम बाहेर गेलं पाहिजे. ते सुरूही झालंय. पाच पीएसएलव्ही बांधण्याचं साधारण ८६० कोटींचं कंत्राट २०२२ मध्ये एचएएल आणि लार्सन अँड टुब्रोला मिळालं.

उपग्रहांच्या बाबतीत सरकार गिऱ्हाईक व्हायला लागलंय हेही नोंदवतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये संरक्षणासाठी ५२ टेहळणी उपग्रहांची २६,९६८ कोटींची योजना मंजूर झाली, त्यातले ३१ खासगी कंपन्यांनी बांधायचे आहेत. २०२५ मध्ये बंगळूरच्या पिक्सेलच्या नेतृत्वाखालच्या गटाला १२ भूनिरीक्षण उपग्रहांचं काम मिळालं. माझी मागणी यातूनच पुढे जाते. या ५२ पैकी काही हलक्या उपग्रहांची उड्डाणं खासगी रॉकेटसाठी राखून ठेवा. दोन कंपन्या निवडा. चाचणीचे टप्पे लिहून द्या, टप्पा पार पडला की पैसे, नाही पडला तर नाही.

हिशेबनीस

राखीव उड्डाणं हा मार्ग मला पटतो. किलोच्या दरात आपण स्पेसएक्सला हरवणार नाही, पण युद्धाच्या काळात टेहळणी उपग्रह बिघडला आणि आठवड्यात दुसरा वर हवा असेल, तर फ्लोरिडातल्या रांगेत उभं राहून चालणार नाही. त्या तयारीला किंमत आहे आणि ती सरकारच मोजू शकतं. माझा पहिल्या प्रतिसादातला प्रश्न यातून बराचसा सुटतो.

लेथवाला

टप्पा पार पडला की पैसे हे ठीक. पण मुख्य कंपनीला हप्ता मिळाला की खालच्या पुरवठादाराला अमुक दिवसांत दिलाच पाहिजे, हे त्याच करारात घाला. नाहीतर पैसे वरच अडतात आणि टूल आम्ही आमच्या खिशातून आणतो.

कलम_सहा

लेथवाल्यांची अट कायद्यात बसते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांत पैसे देण्याचं बंधन २००६ च्या कायद्यात आहेच, ते करारात स्पष्ट लिहून टप्प्यांशी जोडायचं. वैनगंगेकाठच्यांसाठी विमा आणि भरपाईचं कलम, दुर्बीण ताईंसाठी गळतीची मर्यादा, सातपुडा सरांसाठी दराची मुदत.

२०१७ चा मसुदा माझ्याकडे आहे. या रविवारी त्यातली परवाना, देखरेख आणि भरपाईची कलमं सोप्या मराठीत लिहून वेगळ्या धाग्यावर टाकतो. ज्यांना भर घालायची आहे त्यांनी तिथे घालावी, म्हणजे पुढचा मसुदा हरकतींसाठी येईल तेव्हा आपल्या सूचना तयार असतील.

वैनगंगेकाठचा

धागा टाकलात की दुवा इथे द्या. आमच्याकडच्या सरपंचांना पाठवतो.